टोपीखालचा आवाज

टक्. टक्टक्. टक्.

जुसाराच्या पोटावर ठेवलेल्या पांढऱ्या गवती टोपीतून आवाज आला आणि धक्क्यावर जमलेलं सगळं गाव एक पाऊल मागं सरलं.

"ऐकलंत?" टोपीवरचा हात न काढता अनाक्लेतो वैदूनं डोळे मिटले. "बोतो बोलतोय! बाप पाण्यातला, पोर पाण्यातलं. जन्मलं की नदीला परत द्यायचं. नाहीतर तळ्यात औषधालाही मासा उरणार नाही!"

बोतो म्हणजे नदीतला गुलाबी डॉल्फिन. जत्रेत तो माणूस होऊन नाचतो म्हणे, टोपी मात्र काढत नाही. टाळूवर श्वासाचं भोक असतं ना! बापाचं नाव नसलेलं पोर झालं की नदीलगतच्या या तळ्याकाठी सगळ्यांचं बोट त्याच्याकडंच वळायचं.

जुसारानं बापाचं नाव कुणालाच सांगितलं नव्हतं. तिची आजी झुल्मिरा मात्र वैदूच्या हाताकडं बघत होती. चाळीस वर्षं सुईणपण केलं, बोतोची म्हणवलेली अकरा पोरं तिनंच काढली. शेपूट एकालाही नव्हतं. शिवाय पोटातलं काळीज कधी थांबत नाही. हा आवाज मात्र अनाक्लेतो बोलायला लागला की थांबायचा आणि त्याचं बोलणं संपलं की सुरू व्हायचा. फारच शहाणं पोर!

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नातीला घेऊन वाळूच्या बेटावर गेली. तिथं गुरांची डॉक्टर लेनीरा गावातल्याच कोळ्यांकडून जाळं टाकून बोतोच्या माद्या धरायची, त्यांच्या पोटाची सोनोग्राफी करायची आणि सोडून द्यायची. माद्यांची कूस आतून कशी असते, गाभ केव्हा राहतो, एवढंच तिला हवं होतं. तमाशा बघायला गाव होतंच. अनाक्लेतोही होता, टोपीसकट.

"तो एक टोपीवाला, ही दुसरी पेटीवाली," यंत्राकडं बघत झुल्मिरा पुटपुटली. "बाई, आधी माझं पोट बघ. काय दिसतं ते सांग."

लेनीरानं गार चिकट मलम लावलं, यंत्र फिरवलं, पुन्हा फिरवलं. "आजी, तुमची पिशवी काढलीय का?"

झुल्मिरा चमकली. वीस वर्षांपूर्वी शहरात झालेलं ते ऑपरेशन गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. "हं. आता त्या मादीचं दाखव."

ओल्या चटईवर मादी फुसफुसत होती. कोळी तिच्यावर तांब्यातांब्यानं पाणी ओतत होते. पडद्यावर पिल्लू उमटलं: लांब कणा, दोन पर, टोकाला शेपटी. पाय नाहीत. मादीला अलगद पाण्यात सोडलं. गुलाबी पाठ एकदा उजळली आणि नदी पुन्हा मिटली.

मग जुसारा आडवी झाली. पडद्यावर मांडीचं हाड. दुसरं हाड. इवली पावलं, जणू मुठीत मावणारी दोन फुलं.

"यंत्राला बोतोनं भूल घातलीय!" अनाक्लेतो ओरडला.

"असेल बाबा. मग तुझी टोपी सांगेल खरं." झुल्मिरानं टोपी हिसकावली आणि शेजारच्या वाफ्यातल्या कलिंगडावर ठेवून दाबली.

टक्. टक्टक्.

"अगं बाई! कलिंगडालाही दिवस गेले!"

हशा उसळला. तिनं अस्तर फाडलं. आतून दुधाच्या डब्याचं पोचा आलेलं पत्र्याचं झाकण पडलं. अंगठ्यानं दाबलं की टक्, सोडलं की टक्.

"बोतोच्या नावाखाली कुणाला वाचवत होतास रे?" झुल्मिरानं विचारलं.

"त्यालाच," जुसारा पहिल्यांदा बोलली. तिनं जाळं धरून उभ्या असलेल्या वाल्देसीकडं बोट दाखवलं. वैदूचाच मुलगा. श्रीमंत बोटमालकाच्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं. त्याच्या हातातलं जाळं गळून पडलं.

"मीच तो," तो म्हणाला. बापाकडं त्यानं पाहिलं नाही.

झुल्मिरा गावाकडं वळली. "ह्याचं ऐकलं असतं तर जितं लेकरू पाण्यात गेलं असतं, एका झाकणापायी! आता माझंही ऐकू नका, ह्या बाईचंही नका. कुणी काही सांगितलं की हात घाला, उलटून बघा. या, स्वतः कान लावा."

मग काल सगळ्यात आधी मागं सरलेली शेजारीण पुढं आली, वाळूत गुडघे टेकून तिनं जुसाराच्या पोटाला कान लावला.

"धकधक करतंय," ती म्हणाली. बराच वेळ तशीच राहिली. "थांबतच नाही गं."