एक्केचाळीस पेशी आणि सूक्ष्मानंद महाराज

मयूर विहारच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये त्या रविवारी सकाळी मुंगी शिरायला जागा नव्हती. एरवी कोजागिरीला तीस टाळकी जमवताना कार्यवाह राजाभाऊंच्या नाकी नऊ येतात! आज मात्र पार नोएडाहून लोक कॅब करून आले होते. समोर झेंडूने मढवलेलं आसन, आसनावर सूक्ष्मानंद महाराज आणि त्यांच्यामागे भला मोठा पडदा. पडद्यावर करड्या पेशी नुसत्या वळवळत होत्या.

"देखिए! या अलकनंदाताईंच्या रोगाच्या पेशी," महाराज गरजले. "बोटातून एक थेंब रक्त घेतलं, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं आणि दोन दिवस अखंड जप केला. यंत्राने दर दहा मिनिटांनी फोटो काढला. मी काही बोलणार नाही. अब सायन्स खुद बोलेगा!"

काही बोलणार नाही म्हणाले आणि पुढे पंचवीस मिनिटं बोलले. मग दिवे मालवले. दोन दिवसांची गोष्ट अर्ध्या मिनिटात पडद्यावरून सरकली. कोपऱ्यात सोनेरी ॐ गरगर फिरत होता आणि पडदाभर पसरलेल्या पेशी बघता बघता कमी होत गेल्या. अर्ध्याच उरल्या! हॉलमध्ये जयजयकार झाला. पहिल्या रांगेत अलकनंदामावशी पदराने डोळे पुसत होती.

तिच्या शेजारी बसलेली तिची भाची वीणा मात्र उद्याचा विचार करत होती. मावशीच्या स्तनातली गाठ काढून चार महिने झाले होते. डॉक्टरांनी सहा इंजेक्शनं सांगितली होती, चार झाली होती आणि पाचवं उद्या होतं.

"उद्या मी जाणार नाहीये गं," मावशी घरी आल्याआल्या म्हणाली. "केस गेले, चव गेली, उलट्यांनी जीव नकोसा झालाय. पेशी कमी झालेल्या डोळ्यांनी पाहिल्या ना मी!"

"मावशी, अगं वेड लागलंय का तुला? असं मध्येच सोडतात का?"

"मला का ओरडतेस? तूच तर असल्या फिल्म दाखवायचीस मला. म्हणायचीस, यात खोटं काही नसतं."

खरंच होतं ते. एका प्रयोगशाळेत वीणा नऊ वर्षं हेच काम करत होती. सूक्ष्मदर्शकाने काढलेल्या फोटोंत शेकडो पेशींभोवती बारीक कडी काढायची, प्रत्येकीला नंबर द्यायचा आणि पुढच्या फोटोत सात नंबरची कुठे सरकली, आठ नंबरची कुठे गेली ते शोधत बसायचं. सहलीला नेलेली पोरं बाई दर स्टेशनवर मोजतात ना, तसलंच काम. मोठ्या कौतुकाने तिने त्या फिल्म मावशीला मोबाइलवर दाखवल्या होत्या. आता तेच कौतुक अंगाशी आलं होतं!

सोमवार गेला. मावशी घरातून हलली नाही. वीणाला जेवण गोड लागेना, ऑफिसात बूड टेकवेना. मंगळवारी तिने महाराजांनी 'प्रसाद' म्हणून मोबाइलवर पाठवलेली फिल्म मावशीकडून मागून घेतली आणि ऑफिसच्या संगणकावर चढवली. पहिल्या फोटोत एक्केचाळीस पेशी, शेवटच्या फोटोत एकोणीस. अधेमध्ये संगणक सारखा अडत होता. सात आणि आठ एकाच जागी, बारा आणि तेरा एकाच जागी, असं म्हणून तो नुसता लाल खुणा दाखवत सुटला. प्रोग्रॅमच बिघडला असेल म्हणून तिने तो दोनदा बदलून पाहिला. मग वैतागून बुधवारभर हातानेच कडी काढत बसली.

प्रोग्रॅम ठीकच होता. सात आणि आठ खरोखरच जवळ येत होत्या, चिकटत होत्या आणि एक होत होत्या. अगं बाई! एकीच्या दोन झालेल्या तिने हजारदा पाहिल्या होत्या. असल्या पेशींत दोघींची एक झालेली नऊ वर्षांत एकदाही पाहिली नव्हती. तिने फिल्म शेवटाकडून सुरुवातीकडे चालवली आणि खुर्चीतच खदखदून हसली. दुसऱ्याच क्षणी तिला रडू आलं, कारण मावशीचे तीन दिवस तोवर वाया गेले होते. रात्री मावशीला सांगितलं तर ती म्हणाली, "महाराजांसमोर दाखव, मग मानेन."

पुढच्या रविवारी हॉल पुन्हा गच्च भरला. वीणा उठून पुढे आली तसे राजाभाऊ आडवे आले. छत्तीस वर्षं मंत्रालयात फाइली सांभाळून रिटायर झालेला माणूस तो!

"असं मध्येच बोलता येणार नाही. रीतसर अर्ज लागतो."

"दिलाय काका, गुरुवारीच. दोन प्रतींत. तुमची पोच आहे माझ्याकडे."

दोन प्रती म्हटल्यावर राजाभाऊंचा इलाजच खुंटला. वीणाने तीच फिल्म पडद्यावर लावली. आता प्रत्येक पेशीभोवती रंगीत कडं होतं आणि कड्यात नंबर.

"सात आणि आठवर लक्ष ठेवा." दोन्ही कडी सरकत सरकत एक झाली. "महाराज, हे कसं झालं?"

"अद्वैत!" महाराजांनी हात उंचावले. "दो का एक होना, हाच तर जपाचा प्रभाव!" टाळ्या पडल्या.

"बरं. आता खाली डावीकडे बघा. इथे मेलेल्या पेशीचा नुसता चुरा पडलाय." चुऱ्याचे कण गोळा झाले आणि त्यातून एक धडधाकट पेशी उभी राहिली.

"संजीवनी!" महाराज आणखी खुलले. "आमच्या जपाने मृतही जिवंत होतात!"

"पण या रोगाच्या पेशी ना महाराज? म्हणजे तुम्ही मावशीचा रोग जिवंत केलात?"

मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. महाराज घाईघाईने माळ ओढू लागले.

"राजाभाऊकाका, जरा पुढे या. हा ॐ नाण्यासारखा फिरताना मध्येच कडेवर येऊन अगदी बारीक होतो. तेव्हा त्याच्यामागे काय दिसतं, वाचा."

राजाभाऊंनी चष्मा पुसला. वीणा फिल्म थांबवत गेली आणि ते मोठ्याने वाचत गेले. "सत्तेचाळीस तास पन्नास मिनिटं. छत्तीस तास दहा. एकवीस चाळीस. नऊ तास..." ते थबकले. "अहो, हे घड्याळ उलटं चाललंय! शेवटच्या पानापासून पहिल्याकडे फाइल लावलीय या माणसाने! कारकुनालासुद्धा मेमो मिळाला असता यासाठी!"

वीणाने फिल्म सुलट चालवली. एकोणीसच्या एक्केचाळीस झाल्या. बोटातल्या रक्ताच्या थेंबात अशा फुटून वाढणाऱ्या पेशी नसतातच, तिने सांगितलं. ही कुठल्या तरी प्रयोगशाळेतली उचललेली फिल्म आहे, उलटी लावलेली आणि घड्याळावर ॐ चिकटवलेला. महाराजांना एकाएकी मौनव्रत आठवलं आणि ते मागच्या दाराने गाडीकडे चालू लागले. राजाभाऊ पावतीबुक घेऊन देणगीचे पैसे परत मागायला त्यांच्यामागे धावले.

अलकनंदामावशी मात्र जागची हलली नव्हती. पडद्यावरच्या थांबलेल्या पेशींकडे बघत तिने विचारलं, "वीणा, तो माझा चुकलेला सोमवार, तो येतो का गं असा मागे फिरवता?"

वीणा तिच्याजवळ जाऊन बसली. "नाही गं मावशी. फिल्म फिरते, दिवस नाही फिरत. पण उद्याही सोमवारच आहे. मी डॉक्टरांशी बोललेय, ते थांबलेत आपल्यासाठी."

"चल मग. सकाळी लवकर रिक्षा सांग." मावशी उठली, डोक्याचा रुमाल नीट बांधला आणि मागे वळून सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हसू नका रे कुणी मला. तुम्हीही टाळ्या वाजवल्यात. पुढच्या वेळी कुणी डोळ्यांना काही दाखवलं, तर टाळी वाजवायच्या आधी एवढंच विचारा, हे कुठून सुरू झालं आणि कुठे संपलं. मी विचारलं असतं तर माझा आठवडा गेला नसता."