उरलेले चौदा मासे

गळ टाकून मासे गरवणाऱ्यांच्या ग्रुपवर गुरुवारी जेट्टीच्या नव्या नियमाचा मेसेज आला. गळाला लावायचे जिवंत मासे यापुढे पाण्यासकट गाडीतून न्यायचे नाहीत. जेट्टीवर घ्यायचे, जेट्टीवरच वापरायचे, उरले तर बर्फात टाकायचे. मग नेहमीचं सुरू झालं. एकानं लिहिलं, आता श्वास घ्यायलाही परमिट काढा. दुसऱ्यानं लिहिलं, बादलीभर पाण्यानं कुणाचं काय बिघडतं? नियम आला की आपण सगळे आधी कुरकुरतो. कारण विचारायचं राहूनच जातं.

उपेंद्रनं काहीच लिहिलं नाही. मेसेज वाचून फोन उपडा ठेवला. त्याची बायको कुंदा जाऊन आठ महिने झाले होते. त्याला कशाचा राग येत नव्हता, भूकही लागत नव्हती. इथे आखातात, मुसफ्फातल्या वर्कशॉपमध्ये तो दिवसभर वेल्डिंगचे सांधे तपासायचा, घरी येऊन आमटीभात गरम करायचा, एक ताट धुऊन झोपायचा. रविवार तेवढा वेगळा. मित्र बदरुद्दीनच्या गाडीतून फुजैराच्या किनाऱ्यावर गरवायला जायचं आणि येताना उरलेले मासे सोडायचे.

ती कुंदाची पद्धत होती. गळाला लावायला जेट्टीवरच्या दुकानातून ते तिलापिया माशाची बोटभर पिल्लं घ्यायचे. उरलेली पिल्लं मेलेली तिला बघवायची नाहीत. परतीच्या वाटेवर डोंगरात एक ओढा आहे. इथे त्याला वादी म्हणतात. तिथल्या डोहात ती बादली हळूच कलती करायची. "जा, जगा," म्हणायची. मग पाय पाण्यात सोडून बसायची. डोहातले काडीएवढे करडे मासे येऊन तिच्या टाचा कुरतडायचे आणि ती हसायची. सहा वर्षं असं चाललं. ती गेल्यावर उपेंद्र एकटाच बादली रिकामी करायचा, पण पाण्याजवळ थांबायचा नाही.

त्या रविवारी जेट्टीच्या फाटकाशी अक्रम नावाच्या तपासनीसानं गाडी थांबवली. बादलीचं झाकण उघडलं. आत चौदा पिल्लं होती.

"चाचा, ये ज़िंदा है. पानी यहीं गिराओ, मछली बर्फ में."

"मारणार नाही," उपेंद्र मराठीतच म्हणाला. मग हिंदीत सांगितलं, "मैं इनको वादी में छोड़ता हूँ. मेरी बीवी छोड़ती थी."

अक्रमनं बादलीवर झाकण पुन्हा ठेवलं. "बाल्टी मेरे पास रखो. पहले जाके वो पानी देखो. फिर आके बोलो, क्या करना है."

गाडीत उपेंद्र म्हणाला, "काय बघायचंय तिथे?"

"बघ तर खरं," बदरुद्दीन म्हणाला. "माझं ऐकून तू कधी काही केलंयस? त्याचं तरी ऐक."

डोहाशी उपेंद्र खूप दिवसांनी उभा राहिला. पाणी गढूळ होतं. तळहाताएवढे तिलापिया घोळक्यानं फिरत होते. त्यानं बूट काढले, पाय सोडले. पाच मिनिटं गेली. दहा गेली. टाचेला काहीच लागलं नाही.

"ते करडे कुठे गेले?"

बदरुद्दीन रत्नागिरीच्या खाडीकाठचा. लहानपण पाण्यात गेलेलं. तो शेजारी बसला.

"भाऊ, तुमच्या वर्कशॉपच्या कामगार कॅम्पात एका खोलीत सहा माणसं राहतात ना? तिथे दर रविवारी चौदा दांडगे गडी आणून सोडले, तर? जेवण तेवढंच, जागा तेवढीच. आधीचे सहा कुठे जातील? हे तिलापिया तर त्या करड्यांची अंडीसुद्धा खातात. आणि बादलीतलं पाणी काय रोग घेऊन येतं, ते वेगळंच."

"सहा वर्षं आम्ही..." उपेंद्र थांबला. "तुला माहीत होतं?"

"दोन-तीन वर्षांपासून शंका होती. वहिनी इतक्या मायेनं सोडायच्या, जीभ उचलली नाही. नंतर तर तुझ्याकडे बघून हिंमतच झाली नाही. चूक माझीही आहे."

"तिनं पुण्य म्हणून केलं रे."

"म्हणूनच सांगतोय. वहिनींना हे कळलं असतं, तर त्यांनी पुढच्याच रविवारी बंद केलं असतं. तू त्यांची बादली धरून बसलायस. त्यांना आवडायचे ते मासे मात्र संपत चाललेत."

बदरुद्दीननं वर बोट दाखवलं. "त्या खडकाच्या वर छोटा डोह आहे. तिथवर तिलापिया चढत नाहीत."

ते धापा टाकत वर चढले. घमेल्याएवढं पाणी होतं, स्वच्छ. उपेंद्रनं पाय सोडले. बराच वेळ काहीच झालं नाही. मग एक करडा मासा आला, लांब थांबला आणि टाचेशी येऊन कुरतडू लागला. मागून आणखी दोन आले.

उपेंद्रनं पाय हलवला नाही. ऊन डोक्यावर आलं तरी तो बसून होता. बदरुद्दीन दुसरीकडे बघत राहिला.

जेट्टीवर परतल्यावर उपेंद्रनं अक्रमकडून बादली मागून घेतली. पाणी वाळूत ओतलं. चौदा मासे स्वतःच्या हातानं बर्फात ठेवले. ते काम त्यानं दुसऱ्याला करू दिलं नाही.

"मेहरबानी, चाचा," अक्रम म्हणाला.

घरी येऊन त्यानं ग्रुपवर पहिल्यांदाच लिहिलं: "नियम बरोबर आहे. सहा वर्षं मी चुकलो. गळाला लावायला मेलेला मासा चालतो. लागतील तेवढेच घ्या. उरलेला मासा दुसऱ्या पाण्यात सोडू नका, बादलीतलं पाणीही त्यात ओतू नका. दया करायची तर त्या पाण्यात आधीपासून कोण राहतं, ते बघून करा." खाली थोडी चेष्टा झाली, दोघांनी मेलेले मासे मिळणाऱ्या दुकानाचा पत्ता विचारला. आपल्यापैकी ज्यांच्या गाडीत अशी बादली असते, त्यांनी हे चार ओळींचं ऐकावं, एवढंच.

पुढच्या रविवारी गाडीत बर्फाचा डबा होता. कुंदाची बादली घरी बाल्कनीत, पालथी. परतताना त्यानं वादीपाशी गाडी थांबवायला सांगितली आणि रिकाम्या हातांनी खडक चढू लागला.