उघडं राहिलेलं खातं

मित्रांनो, खाडीकाठच्या शाळेतला मी एक जुना संगणक आहे. खाऱ्या वाऱ्यानं माझे स्क्रू गंजले, दोन कळा रुसल्या, पण डोकं शाबूत आहे हो! मी आलो तेव्हा हळदकुंकू लावून माझ्यापुढे नारळ फोडला होता. आता मात्र मुलांची बोटं जवळ आली की मला भीती वाटते.

का, ते ऐका. इंटरनेटवर कसं वागावं, हा धडा आमचे संगणकाचे हर्षदसर दरवर्षी गाळायचे. "परीक्षेला येत नाही, पुढचं पान काढा!" झालं! मुलं टायपिंग शिकली, पण दुसऱ्याच्या नावानं लिहू नये, हे कोणी शिकवलंच नाही.

नववीतली कल्पिता तर उठताना आपलं खातं उघडंच ठेवायची. तिच्या कोळीवाड्यात बोंबील बांबूच्या वलांडीवर उघड्यावर वाळतात आणि दुसऱ्याच्या मासळीला कोणी हात लावत नाही. मग खात्याला कोण लावणार? भोळी पोर!

एके दिवशी तिच्यानंतर तिची मैत्रीण प्राप्ती माझ्यासमोर बसली. उघडं खातं दिसताच तिला चेष्टा सुचली. कल्पिताच्या नावानं तिनं गावच्या ग्रुपवर लिहिलं, 'आमची आई सुक्या बोंबलांवर माश्या मारायचं विषारी औषध फवारते.' मला ओरडावंसं वाटलं. पण मला कुठलं तोंड?

संध्याकाळपर्यंत ते पार अलिबागच्या बाजारात पोचलं. कल्पिताची आई सोनूबाई तिथं टोपली घेऊन बसायची. तिच्याकडे गिऱ्हाईक फिरकेना. खुद्द पोरगीच सांगते म्हटल्यावर कोण खोटं मानेल?

प्राप्ती घाबरली. रडत रडत तिनं सरांना खरं सांगितलं. सोनूबाई शाळेत आली तेव्हा सर घाम पुसत म्हणाले, "बाई, पुसलंय आम्ही सगळं."

"हितलं पुसलंत, मास्तर," सोनूबाई म्हणाली, "लोकांच्या तोंडातलं कोन पुसनार? माजी पोर आता घराभायेर येत न्हाय."

कल्पिताची खुर्ची अजून रिकामी आहे. सरांनी या वर्षी तो धडा पहिल्याच दिवशी शिकवला. प्राप्ती मान खाली घालून ऐकत होती. फार वाईट वाटलं मला.

मित्रांनो, हात जोडता येत नाहीत म्हणून नुसतं सांगतो, उठताना आपलं खातं बंद करा. आणि दुसऱ्याचं उघडं दिसलं, तर तेही बंदच करा रे बाळांनो.

आता मधली सुट्टी झाली आहे. वर्ग रिकामा आहे. माझ्या पडद्यावर पुन्हा कुणाचं तरी खातं उघडंच राहिलंय, आणि दारातून कोणीतरी हसत हसत माझ्याकडेच येत आहे.