बीपीची चटणी कांडणारा डंक

मी कुरुंदवाडच्या पेठेतला एक जुना डंक आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, मी रागात आहे. तुमच्या घरी चटणी मिक्सरवर होत असेल, म्हणून माझे कामही सांगतो. माझ्या उखळात वाळकी मिरची टाकतात, विजेची मोटर सुरू करतात आणि माझी लोखंडी मुसळे ती कांडून काढतात. १९९२ साली माझ्या मालकिणीने, बसव्वाने मला टेंपोतून आणले, विभूती लावली आणि पहिली मिरची स्वतः कांडली.

उन्हाळ्यात माझ्या दारात बायकांची रांग लागायची. आमच्याकडे चटणी एकदाच करतात, ती वर्षाची. तिला बुरशी धरू नये म्हणून कांडतानाच खडेमीठ घालतात, आणि हात आखडून घालत नाहीत. माझ्या चटणीचे नाव पार शिरोळपर्यंत होते. मला त्याचा अभिमान वाटायचा.

२००३ साली बसव्वाला चक्कर आली. रक्तदाब फार वाढला होता. तिच्या डॉक्टरीणबाई मिरची कांडायला माझ्याकडेच येत. त्यांनी इथेच, माझ्यासमोर तिला बजावले, "गोळी रोज घ्यायची. मीठ कमी करायचं. हुलगे, जवस, सोयाबीन जेवणात ठेवा. या बियांतल्या प्रथिनांनी रक्तदाब उतरायला थोडी मदत होते असं संशोधनात दिसतंय. पण ती मदतच, गोळीच्या जागी नाही."

बसव्वाचा मुलगा गुरुपाद शेजारीच उभा होता. धडधाकट कान असून या शहाण्याने तेवढे बियांचेच ऐकले.

दुसऱ्याच दिवशी त्याने हुलगे, जवस आणि सोयाबीन भाजून माझ्यात ओतले. इथवर ठीक होते. मग त्याने मिरची टाकली आणि मिठाचा डबा उचलला.

"मीठ नगं म्हणाल्यात की बाई," बसव्वा म्हणाली.

"आव्वा, मिठाबिगर चटणी वरीसभर टिकती व्हय? आन् ह्यात बिया हायत की, त्या मीठ मारत्यात."

हे त्याला कोणी सांगितले, देव जाणे. माझी मुसळे संतापाने थडथडत होती, पण मोटर चालू झाली की मला कांडावेच लागते.

बसव्वा ती चटणी औषध समजून भाकरीवर दुप्पट घ्यायची. पुढे तिने गोळ्याही सोडल्या. औषध पोटात जातेच आहे, मग गोळी कशाला, असे तिला वाटले. गुरुपादने तर दारावर 'बीपीची चटणी' असा बोर्ड लावला. एका सकाळी जेवताना बसव्वाच्या हातातला घास गळून पडला. तोंड वाकडे झाले, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली.

तुम्हाला वाटेल, आता तरी तो बोर्ड उतरला असेल. छे. पुढच्या उन्हाळ्यातही तो तिथेच होता. बसव्वा माझ्याशेजारी खुर्चीत बसून असायची. एक दिवस हुपरीच्या तानाबाई आल्या.

"आमच्या मालकांस्नी गोळी बंद केली तरी चालंल न्हवं?" त्यांनी विचारले.

"चालंल की, मावशी," गुरुपाद म्हणाला आणि त्याने मिठाचा डबा उचलला.

तेवढ्यात बसव्वा खुर्चीतून पुढे कलली आणि तिने डावा हात माझ्या उखळात घातला, थेट मुसळांखाली.

गुरुपादचा दुसरा हात मोटरच्या बटणाजवळ थांबला. "आव्वा, हात काढ," तो म्हणाला. तिने काढला नाही. ती नुसती तानाबाईंकडे बघत राहिली.

तानाबाईंनी तिच्याकडे पाहिले, तिच्या लुळ्या हाताकडे पाहिले. "गुरुपादा, तुझ्या आव्वानं गोळी सोडलीती व्हय?"

त्याने खाली बघत होकाराची मान हलवली. तानाबाई पिशवी उचलून तडक औषधाच्या दुकानाकडे गेल्या.

मित्रांनो, बिया चांगल्या आहेत, खुशाल खा. माझा राग बियांवर नाही, अर्धेच ऐकणाऱ्यांवर आहे. आज घरी गेल्यावर ज्यांना रक्तदाब आहे त्यांना विचारा, गोळी घेतली का आणि मीठ कमी केले का. "बिया खातोय की" असे उत्तर आले तर गप्प बसू नका, भांडा. तुम्हाला बोलता येते. बसव्वाला येत नव्हते, म्हणून तिला उरलेला एकुलता एक हात माझ्या मुसळांखाली घालावा लागला.