काळा राहिलेला थर

शाझियानं लोखंडी जाळीत कूलरचं गवत दाबून भरलं आणि ती कडेची तार पिळू लागली, तेवढ्यात दुकानासमोर स्कूटर थांबली. दिपमालाताई. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ती शाझियाची सीनियर होती. आता धुळ्याच्या एका कॉलेजात शिकवत होती. शाझियानं संशोधन सोडल्यापासून ती मेहरूणच्या या दुकानाकडे कधी फिरकली नव्हती.

"बसा ना, ताई."

शाझियाच्या वडिलांनी, इसाकभाईंनी, स्टूल पुसून पुढे केलं आणि ते मागच्या बाजूला पत्रा कापायला गेले. दिपमाला बसली, पण हेल्मेट तिनं हातातच ठेवलं.

"शाझिया, तुझे सेल पिवळे का पडायचे, ते कळलं मला."

शाझिया तार पिळत राहिली.

पेरोव्हस्काइटचा सौर सेल म्हणजे काचेवर चढवलेला केसाहून पातळ काळा थर. ओल लागली की तो पिवळा पडतो, मग त्यातून वीज निघत नाही. हा थर ज्यापासून बनतो, त्या शिशाच्या क्षाराच्या द्रावणात दिपमालानं चिमूटभर एक मिश्रक घातलं आणि तिचे सेल अख्खा पावसाळा काळे राहिले. त्यावरच तिला डॉक्टरेट मिळाली. तेच मिश्रक आणि तीच कृती घेऊन शाझियाला पुढचं काम करायचं होतं. तिचे सेल मात्र आठवडाभरही टिकत नसत. दोघींचे मार्गदर्शक ज्ञानेश्वर सर आधी हसून म्हणायचे, नंतर न हसता म्हणू लागले, "तुझ्या हातात सफाई नाही." तिनं हाताला क्रीम लावणं सोडलं. सख्ख्या बहिणीच्या, सबाच्या लग्नात मेंदी लावली नाही, एखादा कण काचेवर जाईल म्हणून. काचा धुऊन धुऊन बोटांची सालं निघाली. सेल पिवळेच पडत गेले. शेवटी तिनं स्वतःच डॉक्टरेटमधून नाव काढून घेतलं.

"माझ्या विद्यार्थ्यांचेही पिवळेच पडले," दिपमाला सांगत होती. "तेव्हा सरांच्या कपाटातून शिशाच्या क्षाराची जुनी बाटली शोधून काढली. माझं सगळं काम त्याच बाटलीवर झालं होतं. तुला सरांनी नवी दिली होती. जास्त शुद्ध. जुनीच्या तळाशी थोडं उरलं होतं, त्याचा एक सेल केला. मिश्रक न घालता. तो काळाच राहिला."

शाझियाचा हात थांबला.

"म्हणजे मिश्रकानं..."

"काहीच होत नव्हतं. त्या जुन्या क्षारातच कसली तरी भेसळ असणार. कसली, ते आता कळायचं नाही. तळाचं होतं तेही संपलं, आणि ती कंपनी केव्हाच बंद पडलीय."

"सर काय म्हणाले?"

"ते निवृत्त झालेत. म्हणाले, छापून आलंय ना, मग राहू दे."

"आणि तुम्ही?"

दिपमालानं हेल्मेटची पट्टी उघडली, पुन्हा लावली.

"माझी नोकरी अजून कायम झाली नाही गं."

मागचा पत्र्याचा आवाज थांबला होता.

"मला परत येता येईल?" शाझियानं विचारलं. आपण हे विचारू, असं तिला वाटलं नव्हतं.

"कुठे येशील? त्या खोलीला कुलूप आहे. यंत्रंसुद्धा दुसरीकडे गेली." दिपमाला उठली. "मला वाटलं, तुला कळायला हवं."

स्कूटर तलावाच्या रस्त्याला लागली. इसाकभाई बाहेर आले. पत्रा कापायची कात्री अजून त्यांच्या हातातच होती.

"म्हणजे चूक तुझी नव्हती?"

"नाही, अब्बा."

"खरंच नव्हती?"

त्यांचा चेहरा असा उजळला, की शाझिया बघतच राहिली. दोन वर्षांत त्यांनी हा विषय एकदाही काढला नव्हता. तो त्यांचा विश्वास आहे, असं ती समजत आली होती.

"हसीना!" त्यांनी आत हाक मारली. "ऐकलं का? पोरीची चूक नव्हती!" आणि उत्तराची वाट न बघता ते शेजारच्या पिठाच्या गिरणीत गेले. गिरणीच्या घरघरीवर ओरडून ते गिरणीवाल्या नथ्थूभाऊंना सगळं सांगत होते. शाझियाच्या आई, हसीनाबी, दारात येऊन पदराला हात पुसत उभ्या राहिल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. त्याही हसत होत्या.

इसाकभाई परत आले ते घामानं डबडबलेले, खूश. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी अगदी मायेनं विचारलं,

"मग बेटा, तू सोडलंस कशाला?"