दोन पंप, एक उंचवटा

हे लिहून ठेवायचं तो इंजिनीअर टाळणारच होता, कारण चूक त्याचीच होती. दोन पंप जवळजवळ एकाच वेगाने फिरत होते. कुरकुरणारा कुठला ते कळलं नाही, तर मिस्त्री मित्राला दोन्ही खोलावे लागणार होते. त्याने पंपांचा एका सेकंदाचा आवाज संगणकावर घेतला, सेकंदाला आवाज मोजायचे नमुने दुप्पट केले, चौपट केले. कुठल्या वेगाचा आवाज किती मोठा ते दाखवणाऱ्या आलेखात दोन पंपांचे दोन उंचवटे हवे होते, पण उंचवटा एकच.

"एका सेकंदात डॉक्टरलाही नाडी कळत नाही, शहाण्या," मित्र म्हणाला.

त्याची ट्यूब पेटली: इतके जवळचे वेग वेगळे दिसायला नमुने जास्त नकोत, जास्त वेळ ऐकायला हवं. नमुन्यांचा वेग पहिल्याइतकाच ठेवून त्याने वीस सेकंद आवाज घेतला. एका उंचवट्याचे दोन झाले, आणि मोठा होता तो डावीकडच्या पंपाच्या वेगावर.

मित्राने तेवढाच खोलला. बेअरिंग गेलेलं. "आता तरी माझं ऐकत जाशील?"

"ऐकेन," तो हसत म्हणाला, "मध्ये न बोलता, पूर्ण वीस सेकंद."