कोरडी कप्पी

मामांनी कप्पीला तेल घातलं आणि डॉक्टरीणबाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

मामा बाईंचे सख्खे मामा, हाडाचे सुतार. जंगलात नावालाही न उरलेल्या जातीचे पाच पोपट बाईंनी पिंजऱ्यात वाढवले होते, आणि उद्या त्यांना सोडायचं होतं. पिंजऱ्यात जन्मलेल्यांना ससाणा काय ठाऊक? म्हणून मामांनी तारेवरून सरकणारा लाकडी ससाणा करून दिला होता. तो निघाला की कप्पी ‘कुईंऽ’ करायची आणि पाचही जण पानांत गडप व्हायचे.

आज शेवटच्या चाचणीला ससाणा मुकाट सरकला. पोपटांनी वर बघितलं आणि ते पुन्हा फळं कुरतडायला लागले. म्हणजे ही शहाणी मंडळी इतके महिने ससाण्याला नाही, कप्पीला भीत होती! खऱ्या ससाण्याला कुठली आलीय कप्पी?

“मामा, तुम्हाला तेल घालायला कुणी सांगितलं होतं?”

“अगं, ती करकर ऐकवेना. आणि नसतं घातलं, तर कळलं असतं का तुला?”

खरं होतं, म्हणून बाईंना जास्तच राग आला.

जंगलातली फळं संपत आली होती. सोडणं थोडं पुढे ढकललं, पण फार थांबायची सोय नव्हती. मग रोज आधी मुका ससाणा, आणि मागून मामा तशाच आवाजाची दुसरी जुनी कोरडी कप्पी फिरवायचे. ससाणा दिसताच पळायला शिकली ती एकटी ठमी. बाकीचे चौघे ढिम्म, ती हलली की हलायचे. एकीच्या भरवशावर पाच जीव सोडायचे? बाईंनी मन घट्ट केलं आणि दार उघडलं.

ठमी झाडाच्या शेंड्यावर बसली. चौघे खालच्या फांदीवर, तिच्याकडे पाठ करून, फळांत तोंड घालून.

तेवढ्यात टेकडीमागून ससाणा आला. खराखुरा.

ओरडायची चोरी होती. माणसाचा आवाज म्हणजे खाऊ, ते उलट उघड्यावर आले असते. मामांनी बाईंचा दंड आवळून धरला.

“मागे बघा रे, मेल्यांनो,” बाई ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या.

कुणी बघितलं नाही. ससाण्यानं पंख मिटले.

ठमीनं चोच उघडली. “कुईंऽऽ!”

हुबेहूब कोरडी कप्पी. पाचही जण पानांत गडप झाले. ससाणा रिकाम्या फांदीवरून तसाच निघून गेला.

बाईंना रडू फुटलं. मामांनी डोळे पुसले.

“हिला मात्र कुणी तेल घालू नका,” ते म्हणाले.